बोअरच्या पाण्यातलं द्रावण

तेलाची विहीर जुनी होत गेली की तिच्यातून तेलापेक्षा पाणीच जास्त येऊ लागतं, हे मला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना कळलं, आणि तेही वर्गात नाही. कामण रोडवरच्या एका गाळ्यात, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनचं झाकण उघडलं तेव्हा. आत दुधाच्या चहासारखं तपकिरी पाणी होतं. वर तेलाचा पातळ तवंग होता, तळाला काहीच बसलेलं नव्हतं, मधलं सगळं गढूळ. डिझेल आणि नासकं अंडं यांचा मिळून वास. मी दोन पावलं मागे सरकले. सर म्हणाले, वासाची सवय होईल, गढूळपणाची करून घेऊ नकोस, तो घालवणं हेच आपलं काम आहे.

सर म्हणजे गाळ्याचे मालक. नंदाखाल गावचे, घरची केळीची वाडी. एका मोठ्या रसायन कंपनीत बरीच वर्षं नोकरी करून त्यांनी हा गाळा घेतला होता. नव्वदचं दशक संपत आलं होतं. समुद्रातल्या विहिरींचं तेल जिथे किनाऱ्याला येतं, तिथे ते वेगळं केल्यावर उरलेलं पाणी तसंच सोडून देता येत नाही. त्यातलं तेल काढावं लागतं. त्यासाठी लागणारी पावडर आमच्या गाळ्यात मिसळून, गोण्यांत भरून ठेकेदारांना जायची. पावडर तयार बाहेरून यायची, दोन प्रकारची. आमच्याकडे त्यांचं मिश्रण व्हायचं.

आमच्या कॉलेजातल्या प्रॅक्टिकलच्या मॅडमनी माझं नाव सुचवलं होतं. सकाळी कॉलेज, दुपारी एक ते सहा गाळा. माझ्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं. खाडीकाठी आमचं गाव, वडील मिठागरात कामाला. मी काय काम करते हे मी घरी दोनतीनदा समजावलं. वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पान्यात औषध घालतेस, म्हंजे पानी आजारी हाय?" आईने शेजारी सांगून टाकलं की पोर औषधाच्या कंपनीत लागली. मग दोन बायका तापाच्या गोळ्या मागायला आल्या.

माझं मुख्य काम जार टेस्ट. सहा काचेचे चंबू एका ओळीत, प्रत्येकात एक पातं, सगळी पाती एकाच मोटरवर. प्रत्येक चंबूत ते तपकिरी पाणी. आधी एक पातळ औषध घालायचं आणि जोरात ढवळायचं. तेलाचे बारीक थेंब एकमेकांपासून दूर राहतात, ते त्यामुळे जवळ यायला तयार होतात. मग आमच्या पावडरचं द्रावण, प्रत्येक चंबूत थोडं थोडं वाढवत, आणि आता अगदी हळू ढवळायचं. ही पावडर म्हणजे फार लांब लांब साखळ्या. त्या थेंबांना धरतात, ओढतात, गुठळ्या करतात. पाती थांबली की गुठळ्या वर येतात किंवा खाली बसतात, आणि मध्ये स्वच्छ पाणी उरतं. पावसाळ्यात विहिरीच्या पाण्यात तुरटी फिरवतात त्याच जातीचं काम, फक्त इथे माती नाही, तेल.

गाळ्यात याला सगळे पाणी फाटणं म्हणायचे. दूध फाटतं तसं. हा शब्द काकांनी आणला असावा. काका मिक्सरवर होते. मिक्सर म्हणजे आडवं फिरणारं मोठं लोखंडी पिंप. दोन्ही पावडरींच्या गोण्या ठरलेल्या प्रमाणात त्यात रिकाम्या करायच्या आणि फिरवायचं. काका मूळचे राजापूरकडचे, तुळिंजला चाळीत राहायचे, पन्नाशी ओलांडलेली. त्यांना वाचता येत नव्हतं. भिंतीवर खडूने ते रेघा मारायचे, एका पावडरीच्या उभ्या, दुसरीच्या आडव्या, आणि मिश्रण उतरवलं की ओल्या फडक्याने पुसून टाकायचे. मी दुपारी आले की काका पिंपाच्या आवाजावर आवाज चढवून विचारायचे, "काय गो डॉक्टरीणबाई, आज कुणाचं पोट फाडणार?" मी हसून आत जायचे. पुढे पुढे त्यांनी विचारलं नाही तर चुकल्यासारखं वाटायचं.

पावडर पाण्यात विरघळवणं हे दिसतं तेवढं सोपं नाही. एकदम टाकली की बाहेरून फुगते, आत कोरडी राहते, आणि भांडंभर साबुदाणा होतो. पाणी गरगरत असताना चिमटीने भुरभुरायची, मग दोन तास थांबायचं. माझ्याआधी जी मुलगी होती तिचं लग्न ठरलं म्हणून तिने काम सोडलं. जाण्याआधी चार दिवस तिने मला शिकवलं. ती द्रावणाला डिस्टिल्ड वॉटर वापरायची. गॅरेजवाले बॅटरीत घालतात तसलेच कॅन. का, ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. विचारलं तर आपल्याला येत नाही हे दिसेल, अशी मला तेव्हा सतत भीती असायची.

गाळ्यात पाणी तीन तऱ्हेचं होतं. बोअरचं, खारट, धुण्यापुरतं. टँकरचं गोडं, पिण्याचं. आणि हे कॅनमधलं. मी जिथे वाढले तिथे गोडं पाणी पोटात जायचं, बाकी सगळं खाऱ्यावर. आंघोळ, भांडी, कपडे. हंड्यातल्या पाण्याने हात धुतला तर आई हातावर मारायची. हे कोणी नियम म्हणून शिकवलेलं नव्हतं, ते हातात होतं.

त्या वर्षी मे महिन्यात टँकर आठवड्यातून एकदा येऊ लागला. कॅनही कमी होते. पॅकिंगच्या बायका प्यायचं पाणी घरून बाटलीत आणत होत्या. अशा वेळी आपण लिटर लिटर चांगलं पाणी पावडर भिजवायला घालतो आणि संध्याकाळी उरलेलं मोरीत ओततो, याची मला लाज वाटू लागली. मी विचार केला. विचार न करता केलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. तेलाच्या विहिरीचं पाणी स्वतःच खारं आहे, बोअरच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. द्रावणाचे चार थेंब शेवटी त्याच खाऱ्यात जाणार. मग ते गोड्या पाण्यात केलं काय आणि खाऱ्यात केलं काय? मला हा तर्क आवडला. मी बोअरच्या नळाखाली चंबू धरला. वहीत लिहिलं नाही, कारण वहीत पाण्याचा रकानाच नव्हता. कोणाला सांगितलंही नाही. आपण काहीतरी वाचवतोय याचं मनातल्या मनात समाधान होतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी ठेकेदाराचा इंजिनीअर आला. नव्या मिश्रणाची टेस्ट त्याच्यासमोर करायची होती, आणि ती पटली तर पुढचा माल जाणार होता. सर स्वतः उभे राहिले, मी द्रावण घातलं. पाती हळू फिरत होती. नेहमी दोन मिनिटांत कण दिसू लागतात. त्या दिवशी काही दिसेना. मोटर थांबली तेव्हा सहाही चंबूंत धुरकट पाणी तसंच. शेवटच्या चंबूत तेवढे काही बारीक ठिपके. सरांनी द्रावण वाढवून पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. इंजिनीअर सभ्य माणूस होता. मागचा नमुना चांगला होता, एवढंच म्हणाला, आणि चहा अर्धा ठेवून गेला.

सर आतून निघाले ते थेट मिक्सरपाशी. मी दारात उभी होते. पॅकिंगच्या तिघी गोण्या शिवत होत्या, त्या थांबल्या. सरांनी विचारलं, किती गोण्या टाकल्या होत्या. काकांनी आकडे सांगितले, बरोबर होते. सर म्हणाले, भिंतीवरच्या रेघा कुठे आहेत. त्या पुसलेल्या होत्या, नेहमीसारख्या.

"तुमचं लक्ष नसतं आता," सर म्हणाले. "मागेही एकदा झालंय हे."

ते खरं होतं. आदल्या पावसाळ्यात काका अंगात ताप असताना कामावर आले होते आणि एक गोणी कमी पडली होती. ती चूक त्यांनी स्वतःच येऊन सांगितली होती. आता तीच पुरावा झाली. सरांनी सांगितलं, शनिवारपर्यंत इथे या, सोमवारपासून कामणच्या गोदामात जा, मिक्सरवर दुसरा माणूस बघतो.

गोदामात काम म्हणजे ट्रक भरणं आणि उतरवणं. काकांचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं होतं. मिक्सरला गोणी कमरेच्या उंचीवर घसरवत आणता यायची, म्हणून ते टिकून होते. गोदामात गोण्या पाठीवर घ्याव्या लागल्या असत्या. सोमवारी गोदाम म्हणजे काम सुटलं, हे तिथल्या सगळ्यांना कळलं. काकांनी उजव्या हाताकडे पाहिलं, मुठीत खडू होता, तो खिशात टाकला. थोड्या वेळाने मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "खरंच नाय फाटलं?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "मग चुकला असेल हात."

शुक्रवारी सर बाहेर गेले होते. मी चंबू घासत होते. फळीवर मागच्या आठवड्याची एक बाटली राहिली होती, कॅनच्या पाण्यात केलेलं द्रावण, जुन्या मिश्रणाचं. ओतून टाकण्याआधी मी सवयीने त्यात काचेची कांडी बुडवली आणि उचलली. कांडीच्या टोकापासून बाटलीपर्यंत तार लोंबली, बोटभर, न तुटता. मग कालच्या बाटलीत बुडवली. पाण्यासारखे थेंब पडले, टप टप.

माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की हे काकांच्या मिश्रणामुळेच. जुनं चांगलं, नवं वाईट. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मला त्या क्षणी सुटका झाल्यासारखं वाटलं. आणि मग मला नळ आठवला.

डिस्टिल्ड वॉटरचा एक कॅन शिल्लक होता. मी त्यातलं पाणी घेतलं आणि काकांच्या नव्या मिश्रणातली पावडर चिमटीने भुरभुरली. दोन तास थांबले. कांडी उचलली. तार आली. बोटाहून लांब. मी एकाच चंबूत, हाताने ढवळून, ते तपकिरी पाणी घेऊन पाहिलं. ते फाटलं. मोठ्या करड्या गुठळ्या झाल्या आणि मधून काचेपलीकडची खिडकी दिसली.

चार वाजले होते. बाहेर मिक्सर चालू होता. दहा पावलांवर काका होते. मी गेले नाही. सरांना आधी सांगायला हवं, ते उद्या येतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते. बी.एस्सी. झाल्यावर कायम करू, असं सर म्हणाले होते आणि मी ते घरी सांगून बसले होते. शिवाय त्या गाळ्यात शिकलेली म्हणून मी ओळखली जायचे. न शिकलेल्या माणसाची चूक नव्हती, शिकलेलीची होती, हे तोंडाने कसं म्हणायचं ते मला कळत नव्हतं. सहा वाजता मी दप्तर उचललं आणि रिक्षात बसले.

शनिवारी मी एकची वाट न बघता सकाळीच गाळ्यात गेले. सर आलेले नव्हते. काका मिक्सरचं झाकण पुसत होते, नवा माणूस येणार म्हणून. मी त्यांना सगळं सांगितलं, बोअरचं पाणी, कॅन, तार. माझी वाक्यं उलटसुलट येत होती. त्यांनी फडकं थांबवलं नाही.

"म्हणजे हात नाय चुकला," ते म्हणाले.

"नाही काका. माझी चूक."

"तुला कधी कळलं?"

मी म्हणाले, काल. त्यांनी विचारलं, काल कधी. मी म्हणाले, दुपारी, चारच्या सुमाराला.

आता फडकं थांबलं. "मी सहापर्यंत इथंच होतो," ते म्हणाले. "रात्रभर गोण्या मोजत होतो मी. बायको म्हणाली झोपा. मला झोप लागंना, कारण मला आठवंना. आणि तुला चार वाजता ठाऊक होतं?"

मी काहीतरी बोलायला गेले. ते म्हणाले, "पानी वापरलंस ते राहू दे. त्यातलं मला कळत नाय. पण हाक मारायला काय लागत होतं?"

चूक मी विचार करून केली होती, ती समजावता येते. ते दोन तास समजावता येत नाहीत.

सर दहाला आले. हातात राजेळी केळ्यांचा फणा होता, दर शनिवारी आणायचे. मी त्यांना बसूही दिलं नाही. त्यांनी पूर्ण ऐकलं, मग दोन्ही पाण्यांत नवी द्रावणं करायला लावली आणि समोर उभे राहिले. दोन तास ते फोनही न घेता त्या खोलीत होते. टेस्ट झाली. सहापैकी तीन चंबू स्वच्छ, तीन धुरकट. त्यांनी पुन्हा एकदा करायला लावली. मग खुर्चीत बसून समजावलं, रागावून नाही, वर्गात सांगावं तसं. गोड्या पाण्यात साखळी उलगडते, लांब होते. खाऱ्या, जड पाण्यात ती आक्रसून गोळा होऊन बसते. आधी उलगडू दिली तर पुढे खाऱ्या पाण्यात गेल्यावरही तिला थेंब धरायला तेवढा वेळ मिळतो. मुळातच आक्रसलेली असेल तर धरणार कशाने?

"वहीत लिहिलं होतंस?"

"नाही सर."

"लिहिलं असतंस तर मी गुरुवारीच पकडलं असतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीही विचारलं नाही. माणसाला विचारलं, पाण्याला विचारलं नाही."

त्यांनी ठेकेदाराला फोन लावला आणि चूक आमच्या लॅबची होती, मालाची नव्हती, असं सांगितलं. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण सरांचे कान लाल झाले होते. फोन ठेवल्यावर ते बाहेर गेले आणि काकांना म्हणाले, सोमवारी इथेच या.

मला वाटलं, मिटलं. काका जागचे हलले नाहीत. म्हणाले, "बोललात तेव्हा सगळ्यांसमोर बोललात. आता कानात सांगता?"

पिंप बंद होतं, त्यामुळे तिघी बायकांनाही ते स्पष्ट ऐकू गेलं. सरांनी चष्मा काढला, पुसला. मला वाटलं ते चिडतील. त्यांनी तिघींना हाक मारून जवळ बोलावलं आणि सांगितलं, परवा मी काकांना बोललो ते चुकीचं होतं, मिश्रण बरोबर होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, बाकीचं तू सांग.

मी कॉलेजात कधी उठून उत्तर दिलेलं नव्हतं. नजर जमिनीवर ठेवून मी सांगायला लागले. साखळी, खारं पाणी, गोडं पाणी. मध्येच इंग्रजी शब्द आला तेव्हा थांबले आणि पुन्हा मराठीत सांगितलं. तिघींतल्या सगळ्यात मोठ्या होत्या त्यांना आम्ही मावशी म्हणायचो, तोंडाच्या फटकळ. त्यांनी विचारलं, मग तू ते बोअरचं घातलंस कशाला? मी म्हणाले, टँकर येत नव्हता, गोडं पाणी वाया जाईल म्हणून.

"बरं वाचवलंस," मावशी म्हणाल्या. "हंडाभर पाणी वाचवलंस आणि एक माणूस ओतून देत होतीस."

दुसरी हसली, मग तिने तोंडावर पदर घेतला. सर बाजूला बघत होते. मी काकांकडे पाहून म्हणाले, "आणि मला काल चार वाजता कळलं होतं. मी आज सांगितलं." हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यांनी मान वर केली.

बायका पुन्हा शिवायला बसल्या. काका पहिल्यांदाच लॅबच्या दारात आले. चप्पल बाहेर काढली, ज्याची गरज नव्हती, आणि म्हणाले, दाखव. मी दोन्ही बाटल्या पुढे केल्या. त्यांनी कांडी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः बुडवली. बोअरच्या पाण्यातली टपकली. दुसरी वर उचलली तेव्हा तार आली, त्यांनी हात खांद्यापर्यंत नेला तरी ती तुटली नाही. मग त्यांनी चिमटीत धरून ती बोटांवर चोळून बघितली, बुळबुळीत लागली असणार.

"ह्यात माझ्या गोण्या बरोबर आहेत?"

"बरोबर आहेत काका."

"कागदावर लिही तसं," ते म्हणाले. "तारीख घालून. मला वाचता येत नाय, पण घरी मुलगी आहे, ती वाचंल."

मी वहीचं पान फाडलं नाही, सरांकडून कंपनीचा कोरा कागद मागून घेतला. मराठीत लिहिलं, की या या दिवसाचं मिश्रण तपासलं, प्रमाण बरोबर आहे, आधीची टेस्ट पाण्याच्या चुकीमुळे फसली, ती चूक माझी. खाली सही केली. सरांनी न विचारताच शेजारी सही केली. काकांनी कागदाची चौकोनी घडी घातली, शर्टाच्या खिशात खडूच्या शेजारी ठेवली, मग खडूची भुकटी लागेल म्हणून पुन्हा काढून दुसऱ्या खिशात ठेवली आणि मिक्सर सुरू करायला गेले.